फोनवर टाळलेलं उत्तर

तीर्थरूप आई-बाबांस,
सा. न.

परवा फोनवर बाबांनी विचारलं, "तेल लागलं काय गो?" आणि मी मोहोराची चौकशी करत बसले. बाबा, तुमचा आवाज पडला ते कळलं मला. शोधविहिरीत काय लागलं, काय नाही, हे रिगबाहेर, म्हणजे समुद्रातल्या या खोदकामाच्या तळाबाहेर, कुणालाच सांगायचं नाही अशी आमची सही घेतलेली असते. घरीसुद्धा नाही. म्हणून ते सोडून बाकीचं लिहिते.

परसात बोअर मारली तेव्हा आपण दोघं दिवसभर उन्हात उभे होतो. आधी जांभ्याची तांबडी धूळ, मग काळवत्री दगड लागला आणि भुकटी राखाडी झाली. गाडीवाला ती चिमटीत चोळून बघायचा. माझं काम तेच आहे, बाबा. तिथे हवा भुकटी वर फेकते, इथे मड. बेंटोनाइट माती आणि बॅराइटची जड पूड घातलेला हा चिखल पाइपातून खाली जातो आणि बिटाने, म्हणजे पाइपाच्या टोकाच्या पात्याने, फोडलेला चुरा घेऊन परततो. विहीर खोल गेली की त्याला वर यायला तासाच्या वर लागतो. शेकरच्या, म्हणजे हलत्या चाळणीच्या, जाळीवरून तो उचलायचा, धुवायचा, सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा. आम्लाच्या थेंबाने फसफसला तर चुनखडक. शेवटी अतिनील दिव्याच्या पेटीत ठेवायचा, तेलाचा अंश असला तर चकाकतो. रात्री तीनला त्या पेटीत डोकावताना माझा श्वास अजूनही अडकतो.

१९७४ मध्ये 'सागर सम्राट' या रिगने मुंबईसमोरच्या समुद्रात, मुंबई हायला शोधलेलं तेल बरंचसं अशाच चुनखडकात आहे. आणि आपल्या समोरच्या समुद्रात त्या थरांखाली, खूप खोल, बऱ्याच ठिकाणी काळवत्रीच आहे! आपल्या परसातल्या बोअरच्या तळाचा. कॉलेजात हे पाठ केलं होतं, पण मनात उतरलं ते इथे आल्यावर.

आई, तुला वायूची भीती वाटते. मड जेवढा आत जातो त्याहून जास्त परत आला, तर खालून काहीतरी ढकलतंय असं समजायचं. टाक्यांच्या पातळीवर बारा तास माझा डोळा असतो. गेल्या आठवड्यात पातळी वाढलेली दिसली, लगेच ड्रिलरला फोन केला. त्याने पंप थांबवून विहीर बघितली. कुणीतरी न सांगता दुसऱ्या टाकीतला मड सोडला होता. मला वाटलं, रागावेल. तो म्हणाला, "दर वेळी असाच फोन कर." खरोखरच खालून जोर आला तर विहिरीच्या तोंडावर बीओपीच्या, म्हणजे उसळी रोखणाऱ्या यंत्राच्या, दणकट झडपा आहेत, त्या मिटतात.

बाबा, खालच्या वाडीतल्या तांडेलकाकांना एवढं सांगा, रिगपासून ५०० मीटर लांब राहा. दिव्यांखाली मासळी जमते, म्हणून होड्या जवळ येतात. रात्री मला त्यांचे कंदील दिसतात आणि पोटात गोळा येतो.

अठ्ठावीस दिवस पुढच्या मंगळवारी भरतात. जुहूला हेलिकॉप्टर उतरलं की रात्रीच्या गाडीने निघते. कुळथाची पिठी कर, आई. बाबा, तेल लागलं का ते तेव्हाही विचारू नका. तुमच्यासमोर बसून गप्प राहणं मला फोनवरच्याहून जड जाईल.

तुमची,
बाय