हार्मोन्सची टेस्ट नंतर करा, आधी घरातलं खरं सांगा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत वयात येणारी मुलं, हार्मोन्स आणि डिप्रेशन असा लेख आला होता ना, त्याचं कात्रण घेऊन सोमवारी सकाळी साडेसातलाच एक ताई आमच्या लॅबच्या शटरपाशी उभ्या होत्या. सोबत मुलगा, दहावीतला असेल, हूडी डोळ्यांपर्यंत ओढलेली. ताईंनी कात्रण काउंटरवर ठेवलं आणि म्हणाल्या, ह्यात लिहिलंय ते सगळं चेक करा, कॉर्टिसॉल, टेस्टोस्टेरॉन, आणि ते जीनचं पण होत असेल तर तेही करून टाका. डॉक्टरांची चिठ्ठी नाही. मी मुलाला सहज विचारलं, झोप लागते का रे, तर त्याच्या आधी आईच बोलल्या, "रात्रभर मोबाईल हो!" तो काही बोलला नाही, बाही वर करून हात पुढे केला फक्त. त्या आठवड्यात असे अजून दोघं आले म्हणून हे पत्र.

मी डॉक्टर नाही, आधीच सांगतो. तालुक्याच्या गावात बावीस वर्षं लॅब टेक्निशियन आहे. पण नळीत काय दिसतं आणि काय दिसत नाही एवढं मला नक्की कळतं, आणि डिप्रेशन नळीत दिसत नाही. थायरॉइड दिसतं, हिमोग्लोबिन, बी-ट्वेल्व्ह, डी दिसतं, आणि ते बघायलाच पाहिजे कारण थायरॉइड कमी असलं तरी पोरगं सुस्त, उदास होतं. पण ते सगळं नॉर्मल आलं की आईवडील रिपोर्ट हातात घेऊन खूश होतात, "बघ, काही नाहीये तुला", आणि तो मुलगा आणखी एक पायरी खाली जातो. हे मी काउंटरच्या मागून किती वेळा बघितलंय.

आता कॉर्टिसॉलचं, म्हणजे ताणाच्या हार्मोनचं. किडनीच्या डोक्यावर टोपीसारख्या ग्रंथी असतात त्यातून ते येतं, सकाळी उठल्यावर अर्ध्या तासात सगळ्यात जास्त असतं आणि रात्री उतरतं, म्हणून सॅम्पल आम्ही सकाळी घेतो. सुई बघून घाबरला तरी वाढतं, रात्री झोपला नाही तरी वाढतं, म्हणजे एका सकाळच्या एका नळीवरून काय डोंबल सांगणार? लोक चौदा पट धोका, चौदा पट धोका असं जे बोलायला लागलेत तो आकडा केंब्रिजच्या 2014 च्या अभ्यासातला आहे. तिथे 12 ते 19 वयाच्या 1800 पेक्षा जास्त मुलामुलींची थुंकी अनेक सकाळी तपासली होती, आणि त्याबरोबर मनाची लक्षणं त्यांनाच विचारली होती. ज्या मुलग्यांमध्ये दोन्ही होतं, म्हणजे सकाळचं कॉर्टिसॉलही जास्त आणि स्वतःच सांगितलेली उदासीही जास्त, त्यांना पुढे मोठं डिप्रेशन होण्याची शक्यता दोन्ही नसलेल्यांपेक्षा चौदा पट निघाली. मुलींमध्ये तो आकडा चारपर्यंतच गेला, म्हणून मुलांची एवढी चर्चा. पण नीट बघा, त्यातली अर्धी टेस्ट म्हणजे मुलाला विचारणं होतं! आपण विचारायचं सोडून फक्त थुंकी आणि रक्त तेवढं उचललं.

टेस्टोस्टेरॉनचं, म्हणजे पुरुषी हार्मोनचं, तर बोलायलाच नको. चौदा-पंधराच्या वयात ते एवढं वरखाली असतं की एकाच वर्गातल्या दोन पोरांचे आकडे जमीन-अस्मान असतात आणि दोघंही ठणठणीत. आमच्याकडे खरा प्रॉब्लेम वेगळाच आहे, जिममध्ये कुणीतरी दादा असल्याच हार्मोनची इंजेक्शनं देतो बॉडीसाठी, पोरं चोरून घेतात, आणि मध्येच बंद केली की महिना-दोन महिने अक्षरशः मनातून कोसळतात. ते घरी कोण सांगणार? जाऊ दे, तो वेगळ्या पत्राचा विषय.

आणि जीन. 2003 मध्ये न्यूझीलंडच्या तरुणांवरचा एक अभ्यास फार गाजला होता, मेंदूतल्या सेरोटोनिन नावाच्या रसायनाशी संबंधित एका जीनचा आखूड प्रकार असेल आणि आयुष्यात आघात झाले तर डिप्रेशन जास्त, असा. कित्येक वर्षं सगळे तेच सांगत होते. मग 2019 मध्ये लाखो लोकांचा डेटा घेऊन तो जीन आणि तसलेच गाजलेले एकूण 18 जीन तपासले तर ते इतर कुठल्याही जीनपेक्षा काही विशेष निघाले नाहीत. एक असा जीनच नाही, हजारो बारीक बारीक फरकांची बेरीज आहे. त्यामुळे ऑनलाइन किट मागवून "डिप्रेशनचा जीन" बघणाऱ्यांनी ते पैसे पोराला घेऊन चार दिवस कोकणात जाण्यात घालवावेत.

पण म्हणून आनुवंशिकता खोटी आहे असं नाही, इथेच सगळे गडबडतात. जुळ्यांच्या अभ्यासांवरून डिप्रेशनमध्ये साधारण 37 टक्के वाटा आनुवंशिकतेचा धरतात, आणि सख्ख्या नात्यात कुणाला असेल तर धोका दुप्पट-तिप्पट होतो. होणारच असं नाही. पण हे मोजायला लॅब लागत नाही, घरातलं माणूस खरं बोललं की झालं. आणि तेच आपण करत नाही. मी स्वतः केलं नाही म्हणून सांगतोय.

माझा मुलगा अकरावीला होता. क्रिकेट सोडलं, आधी वाटलं अभ्यासासाठी. मग चिडचिड, जेवताना ताट ढकलणं, आईवर ओरडणं, डोकं दुखतंय पोट दुखतंय म्हणून कॉलेज बुडवणं. रडताना कधी दिसला नाही आणि आमची समजूत अशी की डिप्रेशन म्हणजे रडणं. ह्या वयातल्या पोरांमध्ये ते रागासारखं बाहेर पडतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. एका डॉक्टरांनी सांगितलं हार्मोन्स आहेत, वय आहे, जिम लावा. मी स्वतः त्याच्या सगळ्या टेस्ट केल्या, माझ्या हाताने, सगळं रेंजमध्ये. रिपोर्ट त्याच्या टेबलावर ठेवला आणि म्हणालो आता नाटकं बंद. हे वाक्य मला अजून झोपू देत नाही.

चार महिन्यांनी मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो, तेही माझी बहीण मागे लागली म्हणून. त्यांनी पहिल्या दहा मिनिटांत विचारलं, घरात कुणाला असा त्रास होता का? मी म्हणालो नाही. ताडकन, विचारसुद्धा न करता. घरी आल्यावर आई लसूण सोलत बसली होती, तिला सांगितलं डॉक्टर असं असं विचारत होते. ती सोलत राहिली, मग मान वर न करता म्हणाली, "तुझे आबा दोन वर्षं झोपले नव्हते. मिरजेला नेलं होतं. गावात मूळव्याधीचं ऑपरेशन सांगितलं." मी तेव्हा सात वर्षांचा. मला आठवतं ते एवढंच की आबा पावसाळाभर गोठ्यात बसून असायचे आणि लोक त्यांना आळशी म्हणायचे. पुढे आईनेच सांगितलं की चुलत्यांचंही तसंच होतं, पण आत्याचं लग्न जमायचं होतं म्हणून सगळ्यांनी तोंड शिवलं. म्हणजे डॉक्टरांना पहिल्या भेटीत जी गोष्ट कळायला हवी होती ती आमच्या घरात चाळीस वर्षं मूळव्याध म्हणून पडून होती.

पुढच्या वेळी आईला सोबत घेऊन गेलो. डॉक्टरांनी सगळं लिहून घेतलं, मग गोळ्या आणि समुपदेशन दोन्ही चालू केलं. गोळ्यांना गुण यायला तीन-चार आठवडे लागतात, सवय लागत नाही, पण सुरुवातीच्या दिवसांत ह्या वयाच्या मुलांवर बारीक लक्ष ठेवायचं, मनात नको ते विचार वाढले तर लगेच सांगायचं, हे त्यांनी नीट बसवून समजावलं. ही गोळ्यांवरची धोक्याची सूचना अमेरिकेत 2004 पासून आहे, आमच्या गावात मेडिकलवाला नुसती पट्टी कापून देतो.

मुलींमध्ये वयात आल्यावर डिप्रेशनचं प्रमाण मुलांच्या दुप्पट होतं हे खरं आहे, त्यामुळे पोरांचं काय एवढं असं वाटतं. पण सरकारी आकडे बघा, 2022 मध्ये देशात 1,70,924 आत्महत्या झाल्या, त्यात दहातले सात पुरुष होते. विद्यार्थी 13,044, आणि सगळ्यात जास्त आपल्या महाराष्ट्रात, 1,764. मुलगे सांगत नाहीत, त्यांना कुणी विचारत नाही, दोन्ही एकच आहे.

झोपेचं एक राहिलं. वयात येताना शरीराचं घड्याळच एक-दोन तास पुढे सरकतं, त्यामुळे पोरांना लवकर झोप येत नाही, हे मोबाईलच्या आधीपासूनचं आहे (मोबाईल त्यात तेल ओततो हे मान्य). राज्य सरकारने 2024 मध्ये चौथीपर्यंतच्या शाळा नऊच्या आधी भरवू नका असं सांगितलं, छान केलं, पण ज्यांचं घड्याळ खरंच सरकलंय ती नववी-दहावीची पोरं अजून पहाटे साडेपाचला उठून क्लासला निघतात. ह्यावर कुणी पुरवणी काढली तर बरं होईल.

आणि लेखात एक राहून गेलं ते तरी छापा. टेलिमानस, सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, 14416, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलतात. ग्रामीण रुग्णालयात आणि जिल्हा रुग्णालयात "मैत्री" क्लिनिक असतं किशोरवयीन मुलांसाठी, बऱ्याच पालकांना माहीतच नसतं.

मुलगा आता बारावी झाला, आयटीआयला आहे. बरा आहे, पूर्ण बरा म्हणत नाही, पावसाळ्यात अजून लक्ष ठेवावं लागतं. आई त्याला कधीतरी आबांबद्दल सांगते, परवा त्याने विचारलं की आबा गोठ्यातच का बसायचे, तर ती म्हणाली तिथे म्हशी प्रश्न विचारत नाहीत म्हणून. तो हसला.

त्या कात्रणवाल्या ताईंचं सॅम्पल मी घेतलं नाही. मुलाला बाहेर बाकावर बसवलं, ताईंना आत बोलावून विचारलं, तुमच्या माहेरी नाहीतर सासरी कुणाला असं झालं होतं का? त्या बराच वेळ गप्प होत्या.

आपला,
एक लॅबवाला, सातारा जिल्हा
(नाव छापू नये, मुलाने सांगितलंय)