बाबा, सोमवारची तारीख मी घेतली आहे

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

हे फोनवर सांगता आलं असतं. पण फोन आई घेते, बाबा शेजारी बसून नुसतं ऐकतात आणि नेमकं जे बोलायचं तेच राहून जातं. म्हणून लिहिते आहे. बाबा, हे पत्र तुम्ही स्वतः वाचा. चष्मा लावून, सावकाश. मग आईला द्या.

तुमच्या पांढऱ्या लघवीवरच्या उपचारासाठी येत्या सोमवारची तारीख मी घेतली आहे. नागपूरच्या दवाखान्यात पैसे भरले, ऑफिसात तीन आठवड्यांची रजा टाकली, ती मंजूरही झाली. तुम्हाला न विचारता केलं हे सगळं. विचारलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, हलका धान कापणीला आलाय, तो घरात येऊ दे. मग भारी धान, मग मळणी, मग आत्याच्या नातवाचं लग्न. पोळ्यापासून तुम्ही हेच करताय, आणि पोळ्यापासून तुमचं वजन आणखी साडेतीन किलोनं उतरलं. दोन वर्षांत एकसष्टवरून एकोणपन्नासवर आलात, बाबा. परवा आईनं व्हिडिओ कॉलवर तुम्हाला दाखवलं तेव्हा सदऱ्याची कॉलर गळ्याभोवती सैल उभी होती. मी फोन ठेवला आणि त्याच वेळी ठरवलं.

धानाची काळजी करू नका. दादानं कापणीच्या मशीनवाल्याशी बोलणं केलं आहे. बोडीजवळचा तुकडा ओला आहे तिथे मशीन जाणार नाही, तेवढा मजूर लावून कापतील.

आता जे मला तोंडावर बोलता आलं नाही ते लिहिते. लेकीनं बापाशी असं बोलावं का, हा विचार मी पुष्कळ केला. पण कुणीतरी बोलायलाच हवं.

बाबा, ते धातू जाणं नाही. कधीच नव्हतं. दोन वर्षं तुम्ही पहाटे अंधारात उठून न्हाणीघर स्वतः धूत होता. आईला वाटलं, स्वच्छतेचा नाद लागला. त्या वैद्यांनी काय सांगितलं असेल आणि ते ऐकून तुम्ही किती खचला असाल, ते आठवलं की मला रात्री झोप येत नाही. सत्तरीतला माणूस, सबंध आयुष्य मास्तरकीत मान ताठ ठेवून काढलं, आणि या वयात कुणी अशी शंका घ्यावी! त्यांचं चूर्ण तुम्ही आठ महिने घेतलंत. शहरातल्या एका डॉक्टरांनी लघवीत पू आहे म्हणून चार वेळा अँटिबायोटिक दिलं. पांढरी लघवी दिसली की आधी पू किंवा क्षार आठवतात, हे मला आता कळतं. पण त्यात चरबी आहे का हे एकदाही कुणी तपासलं नाही, आणि दोन वर्षं गेली.

आपण जे खातो त्यातली बहुतेक चरबी आतड्यातून सरळ रक्तात जात नाही. तिचा दुधासारखा पांढरा रस होतो आणि तो बारीक रसवाहिन्यांतून वर छातीकडे चढत शेवटी रक्तात मिसळतो. तुमच्या पोटातल्या त्या वाहिन्या अडल्या आहेत, फुगल्या आहेत. डाव्या मूत्रपिंडाजवळ त्या फुटून मूत्रमार्गाला मिळाल्यात, म्हणून तो रस लघवीत उतरतो. याला कायलूरिया म्हणतात. चरबीबरोबर प्रथिनंही वाहून जातात, म्हणून अंगातलं मांस झडलं. लाज वाटावी असं यात काहीही नाही. आजीचा पाय आठवतो ना तुम्हाला? तोच हत्तीरोगाचा कृमी. तिच्या पायात उतरला, तुमच्या पोटात बसला. घरामागच्या नालीतला डास तुम्हाला कधीतरी चावला असेल, बहुधा तरुणपणीच. वर्षानुवर्षं असे डास चावत राहतात आणि लक्षणं पुष्कळ उशिरा दिसतात.

आणि म्हणूनच सांगते, ताट-पेला वेगळा ठेवणं आजपासून बंद करा. हा आजार शिवल्यानं होत नाही, उष्ट्यानं होत नाही, कपड्यांनी होत नाही. दादाच्या बंटीला तुम्ही मांडीवर घेणं सोडलंत, तो मला फोनवर विचारतो, आजोबा माझ्यावर रागावलेत का. त्याला जवळ घ्या.

माझी चूकही लिहिते. तुम्ही वाळत चाललात हे कळल्यावर मी पुण्याहून काय पाठवत होते? साजूक तूप. डिंकाचे लाडू. दर महिन्याला एक डबा, आणि आईला ताकीद, रोज दोन लाडू बाबांच्या पोटात गेलेच पाहिजेत. तुम्ही माझं मन मोडू नये म्हणून खात राहिलात. जेवढं तूप जास्त, तेवढा तो रस जास्त, तेवढी लघवी पांढरी. पोळ्याच्या दिवशी पुरणपोळीवर तुपाची धार झाली आणि रात्री लघवी अडली. नळी घातली तेव्हा आत साबुदाण्याच्या खिरीसारख्या पांढऱ्या गाठी निघाल्या. तो रस गोठतो, हे आपल्याला कुठे माहीत होतं? तुम्ही रात्रभर कण्हत होता आणि आई म्हणत होती, मनूला कळवू नका, ती एवढ्या लांबून काय करणार. मला कळवत जा गं आई. मी काहीच करू शकले नाही तरी कळवत जा.

नागपूरला ती चाचणी झाली तेव्हा मी तुमच्या शेजारी उभी होते. परीक्षानळीत तुमची लघवी, ताकासारखी पांढरी. त्या मुलीनं वरून ईथर ओतलं, नळी बंद करून हलवली, स्टँडवर ठेवली. आणि गढूळ पाण्यात निवळी फिरवावी तसं खालचं सगळं हळूहळू निवळलं. चरबी ईथरमध्ये विरघळली. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि म्हणालात, “म्हणजे ते नाही?” एवढंच. बाबा, त्या तीन शब्दांत तुमची दोन वर्षं होती.

दुसऱ्या दिवशी मूत्राशयात दुर्बीण घालून पाहिलं. आदल्या रात्री मुद्दाम लोणी-पाव खायला सांगितला होता, म्हणजे रस भरपूर उतरेल आणि कुठल्या बाजूनं येतो ते दिसेल. आई खूश झाली होती, एक दिवस तरी पोटभर खाल्लं म्हणून. पडद्यावर उजव्या मूत्रपिंडाकडून येणाऱ्या नळीच्या तोंडातून स्वच्छ पाणी येत होतं आणि डावीकडून पांढरी पिचकारी. रात्री घेतलेल्या रक्तात कृमीची पिल्लं सापडली नाहीत म्हणून तुम्हाला निदानच खोटं वाटलं. पण या आजारात ती पुष्कळदा सापडत नाहीत. वाहिन्यांची नासधूस मागे राहते. डीईसीच्या गोळ्या कृमीवर आहेत, नासधुशीवर नाहीत. एकवीस दिवस तुम्ही त्या नेमानं घेतल्या, बिनतुपाचं जेवलात, महिनाभर पथ्य पाळलंत. काही दिवस लघवी निवळली, नवरात्रात पुन्हा पांढरी झाली. म्हणून आता पुढची पायरी.

ऐका, काय करणार ते. पोट कापायचं नाही. कमरेखाली बधिर करतील, दुर्बिणीतून एक बारीक नळी डाव्या मूत्रपिंडापर्यंत नेतील. तिच्यातून पाणी मिसळून अगदी पातळ केलेलं पोव्हिडोन आयोडीन आत सोडायचं, काही मिनिटं तिथे राहू द्यायचं. दिवसातून तीन वेळा, तीन दिवस. त्यानं आतली त्वचा सुजते आणि रस झिरपतो ती तोंडं चिकटून बंद होतात. कुशीत दुखेल, मळमळेल, एखाद वेळी लघवी लालसर होईल. घाबरू नका, मी तिथेच असेन. पूर्वी यासाठी सिल्व्हर नायट्रेट वापरत. त्याचे त्रास जास्त, म्हणून आपल्या डॉक्टरांनी ते नको म्हटलं, मी दोनदा विचारून घेतलं.

पोव्हिडोन आयोडीन म्हणजे ते तपकिरी औषध, जखमेवर लावतात ते. तलावाच्या पाळीवर सायकलवरून पडले होते मी, दोन्ही गुडघे फुटले होते. तुम्ही टिंक्चर लावत होता आणि एका हातानं लावून दुसऱ्या हातानं वर्तमानपत्रानं वारा घालत होता. “झोंबलं तर पाढे म्हण.” मी सोळाचा पाढा म्हणत रडले होते. हे औषध त्याच कुळातलं, पण तेवढं झोंबत नाही.

हे सगळं पुण्यात का नाही, असं दादा विचारत होता. घरी आणून ठेवलं असतं तुम्हाला तर मलाच बरं वाटलं असतं, रजाही कमी लागली असती. पण इथल्या डॉक्टरांनीच सांगितलं, हे नागपूरला करा. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडे हत्तीरोग आहे, तिथल्या डॉक्टरांच्या हाताखालून असे रुग्ण गेलेले असतात. शिवाय पुढे तपासायला आपल्या पवनीहून नागपूर जवळ. मी स्वार्थ पाहिला नाही, एवढं माना. बहुतेकांना यानं उतार पडतो. काहींना पुन्हा करावं लागतं. आणि त्यानंही नाहीच थांबलं तर मूत्रपिंडाभोवतीच्या वाहिन्या वेगळ्या करायची शस्त्रक्रिया आहे, तीही दुर्बिणीनं होते. पण त्याचा विचार आज करायचा नाही.

राहायची सोय आत्याकडे. खालची खोली रिकामी केली आहे, कमोड आहे, जिना चढायचा नाही. खिडकी पूर्वेला आहे, तुम्हाला पहाटे उजेड लागतो म्हणून पलंग तिकडे लावून घेतला. तुमचा रेडिओ आणा. चहा आत्याच्या हातचा आवडत नाही हे मला माहीत आहे, मी करीन, साय काढलेल्या दुधाचा.

आई, आता तुझ्यासाठी. वरणावर तूप नाही. तळण नाही, खोबरं-दाणे नाहीत, साय नाही. डाळ घट्ट कर, लाखोळी सोडून कुठलीही. अंड्याचा पांढरा भाग रोज दोन, बाबा तोंड वाकडं करतील, तरी दे. डॉक्टरांनी दिलेल्या एमसीटी तेलातच भाजी फोडणीला टाक. ते वेगळ्या वाटेनं सरळ यकृताकडे जातं, त्या वाहिन्यांत शिरत नाही. बाटली संपत आली असेल तर आजच सांग. पाणी भरपूर पाजत जा.

आणि हत्तीरोगाच्या गोळ्यांची मोहीम येईल तेव्हा घरातल्या सगळ्यांनी आशाताईंसमोर गिळायच्या. बाबांना किती, ते त्यांच्या डॉक्टरांना विचारून. बाबा, तुम्ही शाळेत पोरांना रांगेत उभं करून गोळ्या गिळवायच्या आणि स्वतःच्या फडताळातल्या डब्यात ठेवायच्या. तो डबा मी पाहिला, रागावले नाही, नुसती बसून राहिले. दादाला सांगितलं आहे, घरामागची नाली या आठवड्यात वाहती झाली पाहिजे. मच्छरदाणी दोघांनी लावायची, गुदमरतं म्हणून काढून ठेवायची नाही.

मी शनिवारी रात्रीच्या गाडीनं निघते. रविवारी दुपारी दादा गाडी घेऊन येईल, एसटीनं यायचं नाही. पोळ्यानंतरचे सगळे कागद निळ्या पिशवीत आहेत ते, आधार कार्ड, आणि डीईसीचं रिकामं पाकीट सोबत घ्या. आई, आजीची ती जुनी गोधडी आण. आत्याकडची रजाई बाबांना टोचते.

तुमची,
मनू