खाऱ्या टाकीला गोडे पाणी

महोदय,
मराठवाड्याच्या उन्हाळ्यात खाऱ्या पाण्याची फिशटँक ठेवणाऱ्यांनी एक ध्यानात घ्यावे: पाणी उडते, मीठ टाकीतच राहते. घटलेली पातळी खारे पाणी ओतून भरली की खारटपणा चढतो. मासे आधी धापा टाकतात, मग आडवे होतात. रोज आरओचे गोडे पाणीच घाला. बोअरचे नको, त्यात नायट्रेट असले की शेवाळ माजते. पाणी बदलताना मात्र लिटरला सुमारे ३५ ग्रॅम सागरी मीठ (स्वयंपाकाचे मुळीच नाही), सापेक्ष घनता (साध्या पाण्याच्या तुलनेत जडपणा) १.०२५. पृष्ठभागावर पंखा सोडला तर तापमान दोन-तीन अंश उतरते, पण पाणीही झपाट्याने आटते. वीज गेली की बॅटरीचा एअरपंप हवाच, कारण गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. चिलर (पाणी थंड करणारे यंत्र) नसेल तर क्लाउनफिश या काटक समुद्री माशावर भागवा. प्रवाळाचा हट्ट इथे महागात पडतो.

– एक मत्स्यप्रेमी, लातूर