मरेक्सची लस पाण्यातून देत नाहीत

मा. संपादक,

कालच्या अंकातली ‘कोंबड्यांचा कॅन्सर’ ही बातमी वाचली. विषय निघाला हे बरे झाले. पण मानमोडी (राणीखेत) आणि मरेक्स (कोंबडीच्या अंगात गाठी करणारा विषाणूजन्य रोग) एकाच खुराड्यात कोंडून दोन्हींची लस पाण्यातून द्या म्हणायची घाई कशाला? मानमोडीची लासोटा लस पिण्याच्या पाण्यातून चालते. मरेक्सची नाही. ती एक दिवसाच्या पिल्लाला मानेमागे, कातडीखाली, ०.२ मिली टोचतात. ‘लक्षणे दिसताच लस द्या’ हा सल्ला तर वरातीमागून घोडे. एक तंगडी पुढे, एक मागे ताणून तलंग (तरणी कोंबडी) आडवी झाली की उशीर झालेला असतो. कापून पाहा: मांडीतला एका बाजूचा मज्जातंतू जाड, पिवळट, त्यावरच्या आडव्या रेघा पुसलेल्या. त्यावर औषध नाही.

बाटली येते १००० मात्रांची. २०० मिली द्रावणात कालवली की बर्फात ठेवून तासाभरात संपवायची. सत्तरी तालुक्यात वीस पिल्ले पाळणाऱ्याने उरलेल्या ९८० मात्रा कोणाला टोचाव्यात, तेही छापायचे होते! त्याने टोचलेलीच पिल्ले घ्यावीत आणि पावतीवर तसे लिहून मागावे. तरी लस अंगी लागायला आठवडा-दोन आठवडे जातात. तोवर पिल्ले मोठ्या कोंबड्यांपासून लांब हवीत. लस गाठी रोखते, लागण नव्हे. टोचलेली, धडधाकट दिसणारी कोंबडीही विषाणू सोडत असते. तो पिसांच्या मुळांतून कोंड्याबरोबर झडतो आणि धुळीत महिनोन्महिने टिकतो. जुना भुसा न उपसता नवी पिल्ले सोडली की लसीचे पैसे गेलेच.

शास्त्रज्ञ पेटन राउस यांचा फोटो कशासाठी? त्यांनी १९११ मध्ये कोंबडीच्या कॅन्सरमागे दाखवलेला विषाणू निराळा. मरेक्सचा हर्पिसकुळातला, १९६७ मध्ये सापडलेला. तोवर राउसना नोबेल मिळूनही गेले होते.

‘माणसाला होत नाही’ हे वाक्य मात्र शेवटच्या परिच्छेदात, तळाला. चतुर्थी उरकून लोक कोंबडीच्या शागुतीकडे वळत असताना मथळ्यात ‘कॅन्सर’! छान.

ता. क. माझ्या मागच्या पत्रातल्या ०.२ चे छापताना २ मिली झाले होते. चाळीस ग्रॅमच्या पिल्लाला २ मिली! या खेपेला तेवढे टिंब सांभाळावे.

– एक वाचक, डिचोली