एन्क्रिप्शन असूनही माहिती बाहेर कशी जाते

प्रिय आई-बाबा,

बाबांनी फोनवर विचारलं ना, की सगळं एन्क्रिप्ट केलेलं असतं तर तू अजून काय सिद्ध करत बसतेस, ते फोनवर नीट सांगता येत नाही म्हणून लिहितेय.

एन्क्रिप्शनने मजकूर झाकला जातो, पण कोणी कोणाला कधी मेसेज पाठवला, केवढा मोठा, उत्तराला किती वेळ लागला हे बाहेरून दिसतंच. समजा आईचे रिपोर्ट दोन-तीन सर्व्हरवर आहेत आणि काही गंभीर निघालं तरच एक सर्व्हर दुसऱ्याला जास्तीचा मेसेज पाठवतो. मग रिपोर्ट न उघडताच बघणाऱ्याला कळलं की! मेसेज गेला नाही तरी कळलं. असल्या चोरवाटांबद्दल बटलर लॅम्पसन या संगणकशास्त्रज्ञाने १९७३ मध्येच लिहून ठेवलंय.

मग सुरक्षित कशाला म्हणायचं? गोगेन आणि मेसेगेर या दोन संगणकशास्त्रज्ञांनी १९८२ मध्ये व्याख्या दिली, नॉनइंटरफिअरन्स: आतलं गुपित काहीही असो, बाहेरच्याला दिसतं त्यात तसूभरही फरक पडता कामा नये. मला ही व्याख्या फार आवडते, चोर किती हुशार आहे हे ती विचारतच नाही. पण सिस्टिम एकदा चालवून हे तपासता येत नाही, गुपित वेगळं असलेले दोन रन शेजारी ठेवून बघावे लागतात, आणि अशा जोड्या मोजण्यापलीकडच्या, म्हणून टेस्टिंग पुरत नाही, गणितच लागतं.

आणि डिस्ट्रिब्युटेड सिस्टिममध्ये, म्हणजे अनेक मशीन मिळून काम करतात तिथे, कुठला मेसेज आधी पोचेल याची खात्रीच नसते. अशा सिस्टिमसाठी ती व्याख्या सरळ वाढवून घेतली तर दोन भाग वेगवेगळे अगदी सुरक्षित ठरतात आणि एकमेकांना जोडले की गळतात, हे डॅरिल मॅककलो या संशोधकाने ८०च्या दशकात दाखवलं. जोडल्यावरही टिकेल अशी जास्त कडक अट त्यानेच दिली. माझं सगळं काम याच्याच आसपास आहे, कारण आता एका मशीनवर चालणारं असं उरलंय तरी काय?

फार कडक अटही चालत नाही म्हणा, 'पासवर्ड चुकला' एवढं सांगितलं तरी गुपितातलं थोडं बाहेर गेलंच. तेव्हा काय मुद्दाम सोडायचं, कोणाला, हे आधी माणसांनी ठरवून लिहायला हवं, गणित ते ठरवत नाही.

प्रूफसुद्धा मॉडेलमध्ये, म्हणजे सिस्टिमचं जे गणिती चित्र मी मांडते त्यात, जे आहे त्यापुरतंच. २०१८ मध्ये स्पेक्टर नावाची प्रोसेसरमधली त्रुटी बाहेर आली तेव्हा प्रोसेसरच्या कॅशेमधल्या (त्याच्या जवळच्या झटपट मेमरीतल्या) वेळेच्या फरकातून गुपितं वाचता येतात हे जगाला दिसलं. म्हणून सध्या मी मॉडेलमध्ये वेळेचाही हिशोब घालतेय, प्रूफ लांबलंय, रविवारी फोन करते.

तुमची लेक