दोघांचे कर्ज, एकाच्या चुकीवर नामंजूर

महोदय,

माझी पत्नी नाशिकमधल्या एका रुग्णालयात परिचारिका आहे, पगार दरमहा बँकेत जमा होतो. मी वायरमन; कामे मिळतात तशी कमाई, पावसाळ्यात कमी, दिवाळीआधी भरपूर. दोघांच्या नावे गृहकर्जाचा अर्ज केला. माझी तीन वर्षांची आयकर विवरणपत्रे, बँकेची पासबुके, गुमास्ता परवाना, सगळे दोन वेळा दिले. शेवटी अर्ज फेटाळला. कारण विचारले, तर अधिकाऱ्याने संगणकाचा पडदा आमच्याकडे वळवला: माझ्या क्रेडिट अहवालात (कर्जफेडीच्या नोंदींत) जुन्या क्रेडिट कार्डापुढे 'सेटल्ड', म्हणजे कमी रकमेत तडजोड, असा शेरा. ते पैसे मी तडजोडीने नव्हे, पूर्ण फेडले आहेत. थकबाकी नसल्याचा दाखला घरात फाइलला लावलेला आहे!

पत्नीचा क्रेडिट स्कोअर, म्हणजे कर्जफेडीच्या इतिहासावरून मिळणारे गुण, ७९० इतका चांगला आहे. तिचा एकही हप्ता कधी चुकलेला नाही, तरी तिलाही माझ्यासोबत नकार. हे मला फार लागले. तिच्या एकटीच्या पगारावर मिळणाऱ्या कर्जात दोन खोल्याही होत नाहीत.

क्रेडिट अहवालातल्या अशा चुकीच्या नोंदीची तक्रार ३० दिवसांत निकाली निघाली नाही, तर दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. पण हे आम्हाला काउंटरवर कोणी सांगितले नाही. वर्षातून एकदा मिळणारा मोफत क्रेडिट अहवालही मी अर्जानंतर पाहिला. अर्ज घेतानाच बँकेने तो दोघांसमोर उघडून दाखवावा आणि हंगामी कमाई वर्षभराच्या सरासरीने मोजावी, ही कळकळीची विनंती.

- एक वाचक, नाशिक