पम्या, घर चुकीच्या महिन्यात बघ

प्रिय पम्या,

शेतीच्या गावात घर घेतोयस हा तुझा मेसेज वाचला, फोटो झूम करकरून बघितले. घर मस्तच आहे, नाही म्हणत नाही. पण टोकन दिलं नाहीस ना अजून? मग जरा दम खा. मी पण असंच शेतीवर चालणाऱ्या शहरात एका निवांत महिन्यात घर बघितलं, काय ती शांतता म्हणून हरखलो आणि सही करून मोकळा झालो.

ती शांतता सीझन नसल्याची होती रे. माल निघायला लागला आणि रात्री दोनला खिडकीखाली ट्रकची लाईन, एअरब्रेकचं ते फुस्स फुस्स, सकाळी चादरीवर भुशाचा थर. शेजारचे काका म्हणाले, दोनच महिने असतं हो. मी घर बघत होतो तेव्हा नाही बोलले!

आणि जमीन. पिकाला सोनं असलेली काळी माती पायाची वैरीण असते, पाणी पिऊन फुगते, सुकली की आकसते, तेही सगळीकडे सारखं नाही, मग घर एका अंगाने उचलतं. माझ्या बाथरूमचं दार पावसाळ्यात चौकटीत अडकतं आणि उन्हाळ्यात आपोआप उघडतं, दार प्लास्टिकचं आहे बरं का, म्हणजे लाकूड फुगलं म्हणायची पण सोय नाही. तू खिडकीच्या कोपऱ्यातून तिरक्या गेलेल्या भेगा शोध, नाणं आत जातंय का बघ, आणि रंग ताजा असेल तर डबल शोध. पाया किती खोल, काळी माती काढून मुरूम भरलाय का, हे मालकाला नको, स्वतःच्या इंजिनियरला विचार. फी गेली तर जाऊ दे.

बोअरचं पाणी गोड लागलं म्हणालास. खतातलं नायट्रेट खाली झिरपतं, त्याला चव नाही वास नाही, आणि उकळून जात नाही, उलट पाणी आटतं तसं प्रमाण वाढतं. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला 50 मिलिग्रॅम आहे, आणि तान्ह्या बाळाला त्याचा धोका सगळ्यात जास्त. तुझं पिल्लू अजून बाटलीवर आहे, बाटलीत त्याच पाण्याचं दूध जाणार. लॅबमध्ये दे आधी.

नदी जवळ आहे हे फोटोत दिसलंच. एजंट म्हणणार, शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर आहे साहेब. म्हणजे दरवर्षी 1 टक्का चान्स, आणि 30 वर्षांचं लोन फिटेपर्यंत एकदा तरी येण्याचा चान्स जवळपास 26 टक्के. चारात एक!

स्वस्त मिळतंय हे खरं, पण सगळं गाव एकाच पिकावर असेल तर ते लागोपाठ दोन वर्षं बुडाल्यावर विकायला काढून बघ, फोन पण वाजत नाही.

मी काही विकत नाहीये, दार दोनदा तासून घेतलंय, राहतोय. तू मात्र सीझन सुरू झाला की एक रात्र तिथे काढ. मला सांग, मी पण येतो, नाणं आणतो.

तुझाच,
बंड्या